हिलालभाऊंचा कान

बातमीदाराकडे किस्से फार साठतात. त्यात त्याची हुशारी काही नसते. त्याला जन्मभर कुणाची तरी वाट बघत बसावं लागतं, एवढंच! साहेब येईपर्यंत, पंचनामा होईपर्यंत, मंत्र्याची गाडी येईपर्यंत. सुरतेत एका मराठी दैनिकासाठी मी सव्वीस वर्षं अशी वाट बघितली. त्यातली निम्मी तरी शहराच्या उधना भागात, हिलालभाऊंच्या दुकानात. तिथे पंखा होता, चहा होता, आणि समोरच्या पीसीओवरून ऑफिसला बातमी सांगता यायची.

हिलालभाऊ मूळचे शिंदखेड्याकडचे. एकोणीस वर्षं त्यांनी पॉवरलूमवर काढली. मग लूम सोडला आणि दहा बाय आठच्या गाळ्यात दुकान टाकलं. पाटीवर लिहिलं, ‘येथे जुने स्टिरिओ सुधारून मिळतील.’ दुरुस्त करून नाही, सुधारून! तुमचा वीस-पंचवीस वर्षांचा लाडका ॲम्प्लिफायर घेऊन जा. लाकडी पेटी तीच, डायल तीच, बटणंही तीच. आतले थकलेले ट्रान्झिस्टर आणि कंडेन्सर काढून ते नवे घालायचे, आणि सेट पूर्वी कधी वाजला नसेल असा वाजायचा.

“आपल्याकडे सेटची बदली होत नाही नाना, बढती होते,” असं ते मला सांगायचे.

त्यांच्याकडे मोठं मशीन नव्हतं, डिग्री नव्हती. होता तो कान. ‘हिलालभाऊंचा कान’ म्हणून बारडोली-नवसारीपर्यंत नाव होतं. आणि नव्वदनंतरच्या त्या वर्षांत नेमका तोच कान चालला होता. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: ते स्वतः, त्यांची बायको कमलवहिनी आणि मी. चौथ्याला कळली असती, तर दुकानाला कुलूप! बहिऱ्याकडे स्टिरिओ कोण देणार?

मला कसं कळलं ते पुढे येईलच.

*

रिंग रोडला एक चकाचक शोरूम उघडलं होतं. ‘जुना द्या, नवा न्या!’ असा कापडी फलक. आमचे एक पाटील, बँकेत हेडक्लार्क, आपला जुना सेट रिक्षात घालून तिथे गेले. टाय लावलेल्या पोराने झाकण उचलून आत बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, “अंकल, इसका जमाना गया. कबाड के भाव में लगा दूंगा.”

पाटील भडकले. तीच रिक्षा उधन्याला वळवली.

हिलालभाऊंनी सेट तीन आठवडे ठेवून घेतला. पाटलांनी तो घरी नेऊन ऐकला आणि आनंदाने वेडे व्हायचेच बाकी राहिले. पण समाधान होईना! रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा रिक्षा केली आणि सेट थेट शोरूमच्या काउंटरवर नेऊन ठेवला. “जरा प्लग लावू द्या,” म्हणाले.

पाच मिनिटांत नवे सेट बघायला आलेली माणसं याच्याभोवती गोळा झाली. तो टायवाला गर्दीतून वाट काढत आला, वाकून बघू लागला आणि अदबीने म्हणाला, “सर, ये कौन सी कंपनी का नया मॉडल है?”

पाटील म्हणाले, “उधना!”

*

गोपीपुऱ्यातले एक काका होते, जरीच्या कारखान्याचे मालक. त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेयर आला. काकांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, की चांदीच्या तारेतून आवाज शुद्ध येतो. चांदीची तार त्यांच्या घरचीच! केसाएवढी बारीक तार रिळावर गुंडाळून घेऊन आले.

“हिलालभाई, आतली सगळी तांब्याची तार काढा. ही घाला.”

तार इतकी नाजूक, की सोल्डरिंग लावलं की तुटायची. दोन दिवस झटापट करून हिलालभाऊंनी नाद सोडला आणि चांगली नवी तांब्याची तार टाकली. काका आले. रेकॉर्ड लागली. काकांचे डोळे मिटले. “वाह! हा चांदीचा आवाज!”

हिलालभाऊ पडले सरळ माणूस. खोटं श्रेय घ्यायचा स्वभाव नाही. रीळ पुढे केलं आणि म्हणाले, “काका, तुमची चांदी ही इथं आहे. आत तांबंच आहे.”

काकांनी डोळे उघडले. दोन मिनिटं पुन्हा ऐकलं. मग नाक मुरडून म्हणाले, “तरीच! म्हटलं, जरा काळपट का येतोय?”

*

आता प्लेगचे दिवस. सुरत रिकामी होत होती. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं ट्रंका डोक्यावर घेऊन स्टेशनकडे पळत होती. मी पळालो नाही, कारण संपादकांनी फोनवर सांगितलं होतं, “तुम्ही तिथंच थांबा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” ते होते तीनशे किलोमीटर पाठीशी! हिलालभाऊ पळाले नाहीत, कारण दुकानात लोकांचे सतरा सेट होते.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. नाका-तोंडावर पंचा. म्हणालं, “भाऊ, माझा सेट द्या. नंदुरबारची गाडी धरायची आहे.”

हिलालभाऊ म्हणाले, “हो हो. बसा ना.”

“बसायला वेळ नाही हो! सेट द्या!”

“साखर कमी की बरोबर?”

मला वाटलं थट्टा चाललीय. गिऱ्हाईक ओरडायला लागलं. हिलालभाऊंनी हसत हसत भलत्याच माणसाचा टेपडेक त्याच्या हातात ठेवला. त्याने संतापून तोंडावरचा पंचा ओढून काढला आणि पुन्हा तेच बोलला.

“असं सांगा ना!” हिलालभाऊ लगेच म्हणाले. “तुमचा तो सागवानी पेटीचा. तयार आहे, फक्त टेस्टिंग राहिलंय.”

“अहो, माणसं मरताहेत, टेस्टिंग कसलं?”

“माणूस गेला तर प्लेगचं नाव होईल. सेट गेला तर माझं होईल!”

ते गिऱ्हाईक सेट छातीशी धरून धावत सुटलं. मी मात्र बसल्या जागी गार पडलो होतो.

लूमच्या खात्यात शंभर-शंभर लूम एकदम चालतात. तिथे बोललेलं ऐकू येत नाही. सगळे एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखतात. ती सवय मला माहीत होती. पण पंचा सुटेपर्यंत समोरच्या माणसाचं अक्षरही न कळणं, हे दुकानात घडलं होतं.

“लूमच्या आवाजात कळलं नाही,” हिलालभाऊ म्हणाले. दुकानाच्या मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं होतं, आणि हे वाक्य मी त्यांच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं.

मी उठलो. त्यांचा हात धरला आणि तळवा त्या भिंतीवर टेकवला. भिंत हलत नव्हती. चार दिवस झाले, खातं बंद होतं. कामगार गावी पळाले होते. सगळ्या उधन्यात तारेवरचा कावळासुद्धा ऐकू येत होता. मला!

त्यांनी भिंतीवरचा हात काढला, फडक्याला पुसला आणि म्हणाले, “नाना, पेपरमा देऊ नका.”

*

कान जाऊनही दुकान चाललं, ते कमलवहिनींच्या जिवावर. त्या कधी लूमवर गेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचे कान शाबूत होते. बिघाड हिलालभाऊ मीटरने आणि अंदाजाने काढायचे. कधी स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून टोक पेटीला लावायचे आणि हाडातून आवाज घ्यायचे. पण शेवटचं ऐकणं वहिनींचं. गाळ्याच्या मागे पडदा होता, पडद्यामागे स्वयंपाक. गिऱ्हाईक सेट घ्यायला आलं, की वहिनी पडद्याशी, गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभ्या. बोट वर म्हणजे बारीक आवाज, ट्रेबल, वाढवा. बोट खाली म्हणजे कमी करा. दोन्ही तळवे एकमेकांवर थोपटले म्हणजे झालं, बरोबर आहे!

एकदा गायनाच्या क्लासच्या एक बाई आल्या होत्या. सेट उत्तम लागला, वहिनींनी तळवे थोपटले आणि नेमक्या त्याच वेळी बाई मागे वळल्या.

“काय करताय हो?”

वहिनी गडबडल्या. म्हणाल्या, “भाकरी थापतेय.”

“हवेत?”

वहिनींनी दीर्घ श्वास घेतला. “काय करणार! गॅस संपलाय.”

*

सुकलाल हा हिलालभाऊंचा खात्यातला जोडीदार. दोघांचे लूम शेजारी. हिलालभाऊ लूम सोडून आले, तो राहिला. त्यामुळे त्याचे कान यांच्याहूनही वाईट. लूमवाल्यांचे बारीक आवाज आधी जातात. पैंजण, पाखरं, कुकरची शिट्टी. मग हळूहळू माणसं.

सुकलालकडे जुना सेट होता. त्याला तो वाजतोय की बंद आहे हे कळायचं नाही, म्हणून आवाज वाढवतच जायचा. लिंबायतला त्याच्या चाळीत भांडणं व्हायला लागली. त्याचा मुलगा म्हणाला, नवा घेऊ. सुकलाल म्हणाला, “हा मी पहिल्या बोनसमधून घेतला. हा जाईल तेव्हा मी पण जाईन.”

हिलालभाऊंनी त्या सेटला वेगळीच बढती दिली. पुढच्या बाजूला बारीक लाल-हिरव्या दिव्यांची रांग बसवली. गाणं चढलं की दिवे चढतात, उतरलं की उतरतात. सुकलाल खूष! रोज संध्याकाळी सेटसमोर मांडी घालून बसायचा आणि दिव्यांकडे बघून मान डोलवायचा.

आठवड्याभराने त्याची बायको मंगलाबाई डोक्याला फडकं बांधून दुकानात आली. हिलालभाऊंना म्हणाली, “भाऊ, तुम्ही तरी सांगा त्यांना. म्हणा, आते तरी आवाज कमी करा! दिवा तर दिखतस ना!”

*

पुढच्या वर्षी खात्याच्या मालकाने सुकलालला आणि आणखी चौघांना घरी बसवलं. मुकादमाची हाक ऐकू येत नाही, असल्या माणसाचा हात लूममध्ये गेला तर भानगड नको, हे कारण. कान कुणी घालवले ते मात्र विचारायचं नाही! पाचही जण कामगार कोर्टात गेले. मागणं साधं होतं: कान लूममुळे गेले हे कबूल करा आणि त्याच खात्यात दुसरं काम द्या. कापडाचे ताके घडी करायला कान लागत नाहीत.

मी बातमी लिहिली. तीन वस्त्यांत हिंडून, माणसांशी बोलून, एका कानाच्या डॉक्टरांना गाठून. नऊशे शब्द. असं काही लिहिलं की अजूनही मला वाटतं, आता काहीतरी होणार. इतक्या वर्षांत काय झालं, ते विचारू नका.

छापून आले नव्वद शब्द, पान पाचवर, कोपऱ्यात. आणि बरोब्बर वर चार कॉलमची जाहिरात, त्या रिंग रोडच्या शोरूमची: ‘आवाज असा, की बहिराही डोलेल!’

मी संपादकांना फोन केला. जेवढं तोंड वाजवता येईल तेवढं वाजवलं. ते शांतपणे म्हणाले, “अहो, पान लावणाऱ्याने विषय जुळतोय म्हणून एकत्र ठेवलं!”

*

मालकाचे वकील मोठे हुशार गृहस्थ. कोर्टात त्यांनी सांगितलं, की लूमच्या आवाजाने कान जातात हा कांगावा आहे. याच खात्यात, याच रांगेत एकोणीस वर्षं काम केलेला एक माणूस आज नुसत्या कानाच्या जोरावर स्टिरिओचं दुकान चालवतो. सगळी सुरत त्याचा कान मानते. त्यालाच आम्ही साक्षीला बोलावतो!

म्हणजे हिलालभाऊंना.

खरं सांगावं तर दुकान बंद. गप्प बसावं तर पाच जोडीदार रस्त्यावर. सुकलाल याबद्दल त्यांच्याकडे एक शब्द बोलला नाही. दुकानात यायचा, चहा प्यायचा, जायचा. ते जास्त वाईट होतं.

मी मात्र बोललो. तावातावाने बोललो. “हिलालभाऊ, तुम्ही कोर्टात सांगा. पाच घरांचा प्रश्न आहे. सत्य—”

हिलालभाऊंनी मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. संपलं! माझे ओठ दिसेनात, तेव्हा माझं सत्यही बंद. मी उठून त्यांच्या समोर गेलो आणि पुन्हा सुरू केलं. त्यांनी दुसरीकडे मान फिरवली. मी पुन्हा समोर गेलो. त्या दहा बाय आठच्या गाळ्यात मी त्यांच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या! पुढाऱ्यांशी भांडलो, पोलिसांशी भांडलो, पण इतका दमलो कधी नव्हतो.

शेवटी पडद्याआडून वहिनींचा आवाज आला, “नाना, बसा. तुम्हाला चक्कर येईल. आणि त्यांचं दुकान आहे, त्यांना ठरवू द्या.”

*

साक्षीच्या दिवशी कोर्टाची ती छोटी खोली भरली होती. बाकावर सुकलाल आणि ते चौघे इस्त्रीचे शर्ट घालून बसले होते. हिलालभाऊ साक्षीदाराच्या जागी उभे राहिले. नाव, गाव, लूमवरची वर्षं. सगळी उत्तरं बरोबर दिली, वकिलांच्या तोंडावरून नजर न काढता.

“तुम्ही आज काय धंदा करता?”

“स्टिरिओ सुधारतो.”

“कानाने?”

“हो साहेब. कान लागतोच.”

वकील प्रसन्न झाले. मी कपाळाला हात लावला. सुकलाल खाली जमिनीकडे बघत होता.

मग वकिलांनी हुकमाचं पान काढलं. त्यांच्या कारकुनाने एक खोकं आणून टेबलावर ठेवलं. आत वकिलांच्या वडिलांचा जुना जर्मन सेट आणि दोन स्पीकर. वकील म्हणाले, “साहेब, हा सेट मी महिन्यापूर्वी याच साक्षीदाराकडे सुधारायला दिला होता. आज सकाळी कारकुनाने दुकानातून आणला, तो थेट इथे. मी स्वतःसुद्धा अजून ऐकलेला नाही. बहिऱ्या माणसाचं काम कसं असतं, ते कोर्टानेच ऐकावं!”

न्यायाधीशसाहेबांना नको म्हणता येईना. टेबलफॅनचा प्लग काढून सेटचा लावला. वकिलांच्या आईची भजनाची कॅसेट होती. कारकुनाने बटण दाबलं.

काय सांगू! झांजा वाजल्या त्या कानात सुई घुसल्यासारख्या. बाजाची पेटी किंचाळत होती, बुवा शिट्टीत गात होते. टायपिस्टने दोन्ही कानांत बोटं घातली. पट्टेवाला बाहेर पळाला. वकिलांच्या हातातले कागद खाली पडले. माझे दात आंबले. या सेटला वहिनींनी तळवे थोपटले नव्हते, हे उघड होतं.

“बंद करो! अरे, बंद करो इसको!” न्यायाधीश ओरडले, पण कारकून कान धरून उभा, बटणाला हात कोण लावणार?

आणि बाकावरचे ते पाच जण ताठ बसून, डोळे अर्धवट मिटून ऐकत होते. सुकलालने मांडीवर ठेका धरला होता. कितीतरी वर्षांनी त्याला झांज ऐकू येत असावी, असा त्याचा चेहरा होता.

न्यायाधीश कानांवर हात दाबून हिलालभाऊंकडे वळले. “ये सेट आपने बनाया है?”

हिलालभाऊंनी त्यांच्या ओठांकडे नीट बघितलं. “हां साहेब.”

“आपको ये ठीक लग रहा है?”

हिलालभाऊंनी मान तिरकी केली. क्षणभर ऐकलं. बाकाकडे बघितलं.

“थोडी कसर रह गई है, साहेब,” ते म्हणाले. साक्षीदाराच्या जागेवरून खाली उतरले, टेबलापाशी गेले आणि बारीक आवाजाचं बटण दोन बोटांनी आणखी थोडं वर फिरवलं.

बाकावरून सुकलाल सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, “हां! आते जमनं!”